मागच्या सीटवरचा माणूस

१

भिमाजी गर्जे यांची ट्रंक एस.टी.च्या टपावरून पाथर्डीला आली. भिमाजी आले नाहीत. नाईल नदीच्या काठावर, लक्सर नावाच्या गावाबाहेर, परक्या माणसांनी त्यांना माती दिली होती.

ट्रंक उतरवून घ्यायला त्यांची धाकटी बहीण बनुबाई एकटीच स्टँडवर गेली होती. ते १९७३ साल होतं. आदल्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता. वस्तीवरची अर्धी माणसं ऊसतोडीला गेली होती आणि उरलेली दुष्काळी कामावर खडी फोडत होती. अशा दिवसांत भिमाजींनी पेन्शनीतून साठवलेले पैसे परदेशाच्या सहलीला घातले, हे गावाला आवडलं नव्हतं. त्यामुळे मेल्यावर गाव जे बोलायला लागलं, त्यात दया नव्हती.

ट्रंक आल्यानंतर पंधरवड्याने बनुबाई नगरला दया उजागरे यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

दयाबाई शाळा तपासणीस म्हणून निवृत्त झाल्या होत्या. तपासणीस म्हणजे डेप्युटी, म्हणून सगळ्या जिल्ह्यात त्यांना दिपोटीणबाई म्हणत. पटावर मूल आहे आणि वर्गात नाही, हे त्या शाळेच्या उंबऱ्यावरून ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. लग्न केलं नव्हतं. स्टेशन रोडला दोन खोल्यांत राहत. पूर्वी पाथर्डीकडच्या शाळा तपासायला गेल्या की ख्रिस्ती बाईला मुक्कामाला घर द्यायला लोक काचकूच करत. बनुबाई आणि भिमाजी मात्र दार उघडून अंथरूण घालायचे. ते दयाबाई विसरल्या नव्हत्या.

"बसा बनुबाई. चहा टाकते."

"चहा नंतर. आदी माजं ऐका." बनुबाई भिंतीला टेकून बसल्या. "सहलीवाले म्हनत्यात, सगळी देवळं बघून भिमादादा त्यांच्याबरोबर माघारी आला. नदी ओलांडून हाटेलात आला. मग रातच्याला एकटाच उठून भाईर गेला, परत नदी ओलांडली, आन त्या पडक्या देवळात खड्ड्यात पडून मेला. सरकारी कागदावर तसंच लिवलंय. आता गाव म्हनतंय, म्हातारा दारू प्यायला गेला आसंल. कुनी म्हनतंय, बाईच्या नादानं. साठी उलटल्याला मानूस, बाई!"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटायचा प्रश्नच न्हाई." बनुबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दादाला दिस बुडला की दिसत नव्हतं. लढाईत असल्यापासून. ही गोष्ट मला आन त्याला, दोगांलाच ठावं. पेन्शन बंद करतील म्हून त्यानं कुनाला सांगितली न्हाई. घरात परसाकडं जायचं तरी मी हात धरून न्यायची. त्यो रातीचा नदी कसा वलांडंल?"

दयाबाई उठल्या होत्या, त्या परत खाली बसल्या.

"ट्रंकेत काय काय आलं?"

"सगळं आलं. मी दिल्यालं सातूचं पीठबी तसंच माघारी आलं, अर्धं. तोंडात एक दात न्हाई त्याच्या, पान्यात कालवून खायला दिल्तं. खाली टाकायची घोंगडी आली. खाटंवर त्याला झोप येत न्हाई, मिल्ट्रीतनं आल्यापासून भुईवरच पडायचा. कोट तेवढा आला न्हाई. त्याचा खाकी मिल्ट्रीचा कोट. सहलीवाले म्हनले, अंगावर नव्हता. एवढ्या थंडीत कोट न घालता गेला? का मेल्याच्या अंगावरनं कुनी काढला?"

दयाबाई चहा टाकायला उठल्या. मग बनुबाई म्हणाल्या, "मला कुनाला फासावर द्यायचं न्हाई. शेवटाला त्याच्याजवळ कोन हुतं, तेवढं मला सांगा."

२

राधाकृष्ण धर्माधिकारी यांची सहलींची कचेरी कापडबाजाराच्या मागे होती. काशी-रामेश्वर करून करून त्यांनी पहिल्यांदाच परदेशची सहल काढली होती. भिंतीवर पिरॅमिडचं मोठं चित्र लावलेलं होतं. त्याखाली बसलेले राधाकृष्ण मात्र चित्र लावणारा हौशी माणूस वाटत नव्हते. महिन्याभरात गालफडं बसली होती.

"पोलिसांना सगळं सांगितलंय बाई. आणखी काय सांगू?"

"पोलिसांना सांगितलंत ते राहू द्या. मला त्या दिवसाचं सांगा. दिवस कसा गेला?"

राधाकृष्ण बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांच्यातला जुना सहलवाला जागा झाला. सकाळी बोटीनं नदी ओलांडून सगळे पलीकडे गेले. डोंगरात कोरलेली राजांची थडगी पाहिली. आत उतरलं की भिंतींवरचे रंग असे, की काल रंगारी उठून गेलाय. पुण्याच्या मंडळींची मोठी बस होती, वाटाड्या त्यांच्याबरोबर. नगरची मंडळी थोडी, म्हणून त्यांना लहान गाडी. शेवटी एक पडकं देऊळ पाहायचं होतं. मोठाले खांब, हातपाय तुटलेला दगडी राजा आणि मागे खोदकामाचे खड्डे. नगरची गाडी तिथे आधी गेली. पुण्याची बस थडग्यांकडून मागाहून येणार होती.

"दिवस मावळायला आला, तसं मी सगळ्यांना गाडीत बसवलं. गाडीत होते कोण, तर सोनईचे काकासाहेब दरंदले, त्यांच्या पत्नी रतनबाई आणि भिमाजी. मी पुढे ड्रायव्हरशेजारी."

"तुमच्याबरोबर जॉर्ज भांबळ नावाचे कॉलेजातले मास्तर पण होते ना?"

"ते दुपारीच पुण्याच्या बसमध्ये गेले. तिथे त्यांच्या ओळखीचे प्राध्यापक निघाले."

"मग भिमाजी गाडीत बसले, हे तुम्ही पाहिलंत?"

"मागच्या सीटवर बसले होते. खाकी कोट, कॉलर वर केलेली, डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळलेलं. रोजच तसेच बसायचे. तरी मी गाडी सुटताना मोठ्यानं विचारलं, 'भिमाजीराव?' त्यांनी उत्तर दिलं."

"काय म्हणाले?"

"हाजिर म्हणाले. म्हणजे, दात नाहीत ना त्यांना, त्यामुळे उच्चार नीट येत नव्हता. 'हादिर' असं काहीतरी. मला गंमत वाटली. मिल्ट्रीतला माणूस, म्हटलं, जुनी सवय."

"याआधी कधी असं म्हणाले होते?"

राधाकृष्ण आठवत राहिले. "नाही. एरवी 'जी' म्हणायचे. एवढंच बोलायचे खरं तर."

"नदी ओलांडल्यावर?"

"हॉटेलात जेवायच्या वेळी मी भांबळांना विचारलं, तुमचे खोलीसोबती कुठे? ते म्हणाले, थकून झोपलेत. सकाळी पलीकडून निरोप आला की देवळात एक हिंदी माणूस पडलाय." त्यांनी चष्मा काढला. "तुम्हीच सांगा, मी काय चुकलो? मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. मी आवाज ऐकला."

"आणि तोंड?" दयाबाईंनी विचारलं. "त्या वेळी मागे वळून भिमाजींचं तोंड पाहिलंत?"

राधाकृष्णांनी चष्मा पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले.

३

सोनईला काकासाहेब दरंदले यांचं नाव मोठं होतं. दुष्काळातही त्यांच्या विहिरीला पाणी होतं आणि ओट्यावर माणसांची ये-जा होती. त्यांनी दयाबाईंना खुर्ची दिली, पण स्वतः उभेच राहिले.

"खरं सांगायचं तर बाई, त्या मानसाचं आन माझं पटलं न्हाई. इमानात शेजारी बसला तवापासून बिडीचा वास. मी दोन शब्द बोललो. मग त्यानं माझ्याकडं बघनंच सोडलं."

"आणि तुम्ही त्यांच्याकडे?"

"मीबी सोडलं." काकासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "पन मला कुनी खुनी म्हनत आसंल तर..."

"कुणी म्हणत नाही. परतताना ते गाडीत होते?"

"हुते की. मागं बसल्याले. देवळापाशी आमी हिंडत हुतो तवा त्यो तिथल्या राखनदाराशी बोलत बसल्याला. राखनदार म्हंजी असाच एक म्हातारा, आंगात सदऱ्यासारका पायघोळ झगा. तिथं सगळे म्हातारे आपल्या पाथर्डीचेच वाटायचे. काळे, वाळल्याले, डोक्याला धडुतं."

"कोणत्या भाषेत बोलत होते?"

उत्तर आतून आलं. रतनबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या होत्या. "त्यांच्याच भाषेत. मला लई नवल वाटलं. भिमाजीभाऊ लढाईच्या वक्ताला तिकडंच हुते ना, चार शब्द शिकल्याले. दोगंबी हसत हुते. सबंध सहलीत त्यांला हसताना मी तवाच बघितलं." त्या जरा थांबल्या. "त्यो राखनदार बिचारा कुडकुडत हुता. आजारी वाटला. सारखा नदीपलीकडं हात करून काय काय सांगत हुता."

"बोटीवर भिमाजी तुमच्याजवळ होते?"

"लांब हुते. कठड्यापाशी, पाठ करून. अंधारून आल्तं. मला वाटलं, दिसभर मानूस उपाशी आसंल, म्हून मी जाऊन मूठभर फुटाने दिले. काय बोलले न्हाईत. छातीला हात लावला आन खाल्ले."

"खाल्ले? तिथल्या तिथे?"

"व्हय. कडाकडा. माझे सासरे आठवून मला हसू आलं, त्यांला फुटाने कुटून द्यावे लागत्यात."

"आन बोट लागल्यावर," काकासाहेब म्हणाले, "आमी अजून उठतोय तवर त्यो फळीवरनं भराभर उतरून गर्दीत गेलासुदा. ती फळी केवढी, वीतभर! मला तर हाताला धरून उतरवावं लागलं. मी हिला म्हनलं, बघ, म्हाताऱ्याची नजर कशी हाय."

दयाबाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला.

"काकासाहेब, भिमाजींच्या तोंडात एकही दात नव्हता. आणि दिवस बुडाल्यावर त्यांना स्वतःचा हात दिसत नव्हता."

ओट्यावर कुणी तरी खाकरलं. रतनबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"मग," त्या हळूच म्हणाल्या, "मी फुटाने दिले कुनाला?"

४

भिमाजींचा कोट घालून कुणीतरी नदी ओलांडली होती. सोनईहून परतताना एस.टी.त दयाबाई तोच एक विचार करत होत्या. बाहेर उजाड रानं पळत होती. सोंग घ्यायचं, तर सोंग घेणारा माणूस दुसरीकडे दिसता कामा नये. राधाकृष्ण गाडीत पुढे होते. काकासाहेब आणि रतनबाई एकमेकांसमोर होते. राहिला एकच माणूस, आणि तोच भिमाजी हॉटेलात झोपले होते असं सांगत होता.

जॉर्ज भांबळ इतिहास शिकवत. वय पस्तिशीच्या आत, इस्त्रीचा शर्ट. तास संपल्यावर ते दयाबाईंना रिकाम्या वर्गात घेऊन गेले आणि बाकावर बसले.

"मी दुपारपासून पुण्याच्या बसमध्ये होतो, बाई. प्राध्यापक आणि त्यांची पत्नी माझ्या दोन्ही बाजूंना होते. हवं तर पुण्याला फोन करा."

"करीन. त्या रात्रीचं सांगा."

"मी जेवून खोलीवर गेलो, तेव्हा ते झोपले होते. घोरत होते. सकाळी उठलो तर खाट रिकामी. चादर चुरगळलेली. रात्री कधी उठून गेले, मला कळलंच नाही."

"खाटेवर झोपले होते?"

"हो."

"कैरोतही खाटेवरच झोपायचे?"

"हो, म्हणजे... खाटेवरच."

दयाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. असं बघितलं की खेड्यातले हेडमास्तर आपणहून बोलायला लागत.

"भांबळ, भिमाजी खाटेवर झोपत नसत. घोंगडी टाकून जमिनीवर झोपायचे. एक रात्र जरी तुम्ही त्या खोलीत काढली असती, तरी अंधारात तुमचा पाय त्यांना लागला असता."

जॉर्जनी मान खाली घातली. खिडकीतून मैदानावरचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"पहिल्या रात्री मी त्यांच्या आधी झोपलो. मध्यरात्री ते झोपेत ओरडायला लागले," ते म्हणाले. "लढाईतलं काहीतरी. माणसांची नावं घेऊन हाका मारत होते. मी दिवा न लावता तसाच उठलो आणि पुण्याच्या लोकांच्या खोलीत जाऊन झोपलो. नंतर रोज तिकडेच. धर्माधिकारींना सांगितलं नाही, उगाच बोलणी झाली असती. त्या दिवशी त्यांनी विचारलं, भिमाजी कुठे, तर मी सवयीनं म्हटलं, झोपलेत. सकाळी निरोप आल्यावर मी धावत खोलीत गेलो. खाट जशीच्या तशी होती. मी... मी ती चुरगळली."

"का?"

"कारण मग मला विचारलं असतं, रात्रभर तुम्हाला कळलं कसं नाही?"

हा माणूस खोटं बोलला होता, पण कोट त्याने घातला नव्हता. तो पुण्याच्या बसमध्ये होता आणि कोट नगरच्या बोटीवर.

"तुमची पुण्याची बस त्या पडक्या देवळाकडे जाणार होती ना?"

"जाणार होती. उशीर झाला म्हणून वाटाड्यानं ते रद्द केलं. आम्ही थेट नदीवर गेलो, पुढच्या बोटीनं आलो."

"हे नगरच्या गाडीला माहीत होतं?"

"कसं असणार? ते आधीच निघाले होते."

दयाबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मग 'हादिर' कोण म्हणालं?"

जॉर्जनी चमकून वर पाहिलं. "हा शब्द तुम्ही कुठे ऐकलात?"

"का? 'हाजिर'चा बोबडा उच्चार आहे तो."

"बोबडा नाही, बाई. तिथले लोक तसंच म्हणतात. हॉटेलात वेटरला काही सांगितलं की तो म्हणायचा, 'हादिर'. रस्त्यावर कुणाला हाक मारली तरी तेच. अरबी शब्द आहे. आपला 'हजर' तिकडूनच आला."

दयाबाईंनी दाराची चौकट धरली.

५

पुढच्या रविवारी पाथर्डीजवळच्या वस्तीवर एक जीप येऊन थांबली. काकासाहेबांनीच ती आणली होती. राधाकृष्ण आधी यायला तयार नव्हते. "धंदा बुडेल," म्हणाले. दयाबाई म्हणाल्या, "ती बाई इथे चालत येईल. त्यापेक्षा तुम्ही जीपनं जा." मग ते आले. जॉर्ज बोलावल्याशिवायच आले होते.

बनुबाईंनी अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. शेजारपाजारची चार माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. दयाबाईंनी त्यांनाही आत बोलावलं. जे बोलायचं ते गावानं ऐकावं, असंच त्यांना हवं होतं.

"बनुबाई, तुमच्या भावाला कुणी मारलं नाही," त्यांनी सुरुवात केली. "आणि ते रात्री उठून कुठे गेलेही नाहीत. ते त्या देवळातून परत आलेच नव्हते."

कुंपणापाशी कुजबुज झाली.

"धर्माधिकारी, तुम्ही ज्याला हाक मारलीत, त्यानं 'हादिर' म्हटलं. तुम्हाला वाटलं, दात नाहीत म्हणून बोबडं बोलतात. पण त्याच माणसानं रतनबाईंचे फुटाणे कडाकडा खाल्ले. म्हणजे दात होते. दात असून जो 'हादिर' म्हणतो तो बोबडा नव्हे, तो तिथलाच माणूस. रतनबाईंचे आभार त्यानं छातीला हात लावून मानले, तीही तिथलीच रीत. बोट लागल्यावर अंधारात वीतभर फळीवरून तो भराभर उतरला, कारण ती त्याची रोजची वाट होती. तो देवळाचा राखणदार होता."

"राखनदार?" काकासाहेब म्हणाले. "पन कोट तर..."

"कोट भिमाजींनी स्वतः दिला. रतनबाईंनी पाहिलंय, तो म्हातारा आजारी होता, कुडकुडत होता आणि नदीपलीकडे हात दाखवत होता. त्याचं घर असेल, मुलगी असेल, दवाखाना असेल. तेवढं मला कळायला मार्ग नाही. पण भिमाजींना त्याची भाषा थोडी येत होती. भांबळांची जागा रिकामी होती, पण ज्याला स्वतःलाच बोलणी खावी लागली, तो आणखी एका परक्याला घ्या म्हणून कसा विचारणार? त्यांनी त्याला कोट घातला, डोक्याला धडुतं त्याचं होतंच, आणि आपल्या जागेवर बसवून दिलं. स्वतः मागे राहिले, कारण पुण्याची बस मागाहून तिथे येणार हे सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं. त्या बसनं येऊ, असा त्यांचा हिशेब. राखणदाराला आपलं नाव कुणी पुकारलं हेही कळलं नसेल. साहेबानं पुढून मोठ्यानं काही विचारलं, तो 'हादिर' म्हणाला. ड्रायव्हरनं ओळखीचा म्हातारा बघितला आणि गप्प बसला."

"आणि बस आलीच नाही," जॉर्ज म्हणाले.

"आली नाही. राखणदार नव्हता, म्हणजे देवळात दुसरं माणूसच नव्हतं. दिवस बुडाला. भिमाजींना दिसेनासं झालं. ते एका जागी बसून राहिले असते तर कदाचित..." दयाबाई थांबल्या. "कुणाची तरी चाहूल लागली असेल, किंवा थंडी सोसवली नसेल. ते उठले. मागे खोदकामाचे खड्डे होते. राखणदारानं पोलिसांना खरं सांगितलं नसणार. पहारा सोडून गेलो म्हटलं की नोकरी जाते. कोटही त्यानं लपवला असेल."

जॉर्ज उठून बनुबाईंसमोर आले. खाटेचं सगळं त्यांनी सांगितलं. "मी त्या रात्री खोलीत डोकावलो असतो, तर लगेच शोध घेता आला असता. मावशी, मी तुमची..." त्यांनी हात जोडले.

"मी मागं वळून पाहिलं नाही," राधाकृष्ण म्हणाले. एवढ्या लोकांसमोर ते बोलतील असं दयाबाईंना वाटलं नव्हतं. "चावडीवर चला. तुमचा भाऊ दारू प्यायला गेला नव्हता, तो एका आजारी माणसाला जागा देऊन मागे राहिला, हे मी तिथे सगळ्यांना सांगतो. वकिलातीलाही खरं कळवतो. माझ्या धंद्याचं व्हायचं ते होऊ दे."

कुंपणापाशी उभा असलेला म्हातारा सूर्यभान, ज्यानं दारूची गोष्ट पहिल्यांदा उठवली होती, तो टोपी काढून हातात चुरगळत राहिला.

काकासाहेब मात्र दयाबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, एक समजंना. आमी दिसभर त्याच्यासंगं हिंडलो. बोटीवर हिनं त्याच्या हातावर फुटाने ठिवले. तरी दुसरा मानूस हाय हे आमाला कसं कळलं न्हाई?"

"तुम्ही कोट ओळखत होतात," दयाबाई म्हणाल्या. "माणूस नाही."

६

चावडीवरून सगळे परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. जीप जायला अजून अवकाश होता. बनुबाईंनी गुळाचा चहा केला. सगळे बसून चहा पीत होते.

"एक इचारू का?" बनुबाई म्हणाल्या. "तुमी तिथं काय काय बघितलं, ते मला सांगा. दादा म्हनायचा, लढाईत तीन वर्सं तिथं काढली, पन ती तिकोनी दगडी शिखरं लांबनं ट्रकातनंच दिसली. जवळ जाऊन हात लावायचा हाय. म्हून त्यो गेल्ता. आता मला सांगायला त्यो न्हाई. तुमी सांगा."

जॉर्ज सांगू लागले. वाळूत अचानक उभे राहिलेले पिरॅमिड, एकेक दगड बैलगाडीएवढा. माणसाचं तोंड आणि सिंहाचं धड असलेली ती मूर्ती, नाक तुटलेलं.

"तवा दादा कुठं हुता?"

जॉर्ज थांबले. "असतील... मागे असतील."

राधाकृष्णांनी राजांची थडगी सांगितली. जमिनीखाली उतरत जाणारा बोगदा, छतावर काढलेलं चांदण्यांचं आभाळ.

"त्यो आत उतरला हुता?"

राधाकृष्णांनी काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेबांनी जमिनीकडे. कुणालाच आठवत नव्हतं. भिमाजी गर्जे सहलभर त्यांच्याबरोबर होते आणि त्यांपैकी एकानेही त्यांना पाहिलं नव्हतं. बनुबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. दयाबाईंना तिथून उठून जावंसं वाटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ कोरे चेहरे पाहिले होते, पण कुणी असं वाट बघत बसलेलं नव्हतं.

मग रतनबाई सरकून बनुबाईंच्या जवळ बसल्या. आपला चहाचा कप त्यांनी खाली ठेवला.

"माझ्याशेजारी हुते," त्या म्हणाल्या. "पिरॅमिडपाशी. मला चढंना, तर भाऊ म्हनले, ताई, घाई करू नका. मग पुढं गेले, आन त्या दगडाला हात लावला. दोनी हात. असे."

काकासाहेबांनी आश्चर्याने बायकोकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. रतनबाईंनी त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दयाबाईंनी सगळं ओळखलं. त्या गप्प राहिल्या.

"ऊन लागलं आसंल दगडाला," बनुबाई म्हणाल्या.

"कोमट हुता. मला म्हनले, हात लावून बगा. आन मंग..."

रतनबाईंना पुढचं सुचेना. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. बाहेर ड्रायव्हरने जीपचा हॉर्न एकदा वाजवला, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

बनुबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पुढं सांगा," त्या म्हणाल्या.